एका अंगानं घासलेली खाच

१

ऐका, मधात कोणी बोलायचं नाई. मी लाईनीनं सांगते, नाई तं माह्यं सारं उलटपालट होते.

गुरुवारी साडेचार वाजता मोतीलाल सरनं पाच गोळ्या मारल्या अन् पाचही डावीकडे. एक नाई, दोन नाई, पाच! सर म्हणजे आमच्या शूटिंग क्लबचे कोच. तीस वर्षांत त्यांचा हात हालला नाई म्हणतात. ते पिस्तुलाकडे असे पाहून राह्यले, जसं त्यानं त्यांले भर बाजारात शिवी देली.

मंग राजेंद्रभाऊ उभे राह्यले. हे मलाजखंडच्या खदानीकडे वर्कशॉपमधे फिटर आहेत, हप्त्यातून तीनदा मोटरसायकल हाकलत बालाघाटले येतात. त्यांच्याही पाच डावीकडे. मंग श्रुतिका उभी राह्यली. वारासिवनीची, सोनाराची पोट्टी, माह्याच वयाची, अन् माह्यापेक्षा चांगली, हे मी तिच्या तोंडावर कधी म्हणणार नाई. तिच्या पाचही गोळ्या मधात. काळ्या गोलाच्या पोटातच! दोन महिन्यांपासून तिचे मार्क घसरून राह्यले होते, अन् आता हे. सर खुश. मंग मी. माह्या पाच डावीकडे, अन् त्यातली एक तं अशी काठावर, की कागदाले लाज वाटली असन.

सरनं पिस्तूल रिकामं केलं, दोनदा तपासलं. खिशातून रुमाल काढला अन् मागच्या साइटवरची काजळी पुसली.

खालून लोखंड चकाकलं. नवं. पांढरं. घासलेलं.

"कोणी घासली ही खाच?" सरनं विचारलं.

रेंजवर आम्ही चारच जण अन् मांगं झाडू मारणारे बाबूलाल काका. अन् सरनं विचारता विचारता पाह्यलं कोणाकडे? सांगा ना, कोणाकडे?

माह्याकडे!

२

आता तुमाले खाच म्हणजे काय तेच माहीत नसन, तं आधी ते.

आमचं पिस्तूल बावीस बोअरचं, टार्गेटवालं. पुऱ्या क्लबमधे एकच. त्याले ना दुर्बीण, ना लाल लाईट. नळीच्या पुढच्या टोकावर एक उभी पत्ती असते, तिले आमच्याकडे मक्खी म्हणतात. मांगं एक चौकोनी खाच. खाचेतून पाह्यचं, मक्खी बरोबर मधात आणायची, दोन्ही बाजूले सारखा सारखा उजेड ठेवायचा, मंग घोडा दाबायचा. बस. चमक नाई लागली पाह्यजे म्हून दोघांवर कापराच्या धुराची काजळी धरायची. वाऱ्यानं कापूर विझते, म्हून हे काम मागच्या खोलीत दार लावून, ज्यानं त्यानं एकट्यानं करायचं.

अन् ही खाच होती बारीक. इतकी बारीक की उजेडाची रेघ दिसतच नाई. दोन महिन्यांपासून मी सरच्या मांगं लागली होती. "सर, खाच थोडी मोठी करा ना. सर, राजेंद्रभाऊजवळ बारीक कानशी आहेत ना. सर, दहा मिनिटाचं काम आहे." अन् सर म्हणत, "प्राची, तू नेम सुधार, खाच नको सुधारू. केसभर घासली तं पंचवीस मीटरवर बोटभर फरक पडते. हात लावशीन तं याद राख."

तं आता सांगा, शक कोणावर जाईन?

अन् अजून ऐका. बुधवारी गोळ्या नव्हत्या, नुसतं भिंतीवर नेम धरायची प्रॅक्टिस होती. एकेकानं मागच्या खोलीत पिस्तूल न्यायचं, काजळी धरायची, पांढऱ्या भिंतीसमोर अर्धा तास हात स्थिर ठेवायचा. पहिले राजेंद्रभाऊ गेले, मंग श्रुतिका, शेवटी मी. अन् पिस्तूल सरच्या अलमारीत ठेवायले देताना मी स्वतःच्या तोंडानं, भैताडासारखी, म्हणली, "सर, आज खाच लय भारी दिसून राह्यली!"

हसू नका बे. हौ, म्हणली मी. मले खरंच भारी दिसली. मले काय माहीत ती कोणी घासली म्हून! वरून काजळी होती. मले वाटलं, आज माह्या डोळ्याचाच दिवस चांगला आहे.

सरनं ते वाक्य साऱ्यांसमोर जसंच्या तसं म्हणून दाखवलं. मंग म्हणाले, "शनिवारी दुपारी जबलपूरची गाडी आहे. अकरा वाजेपर्यंत कबूल कर. नाई तं निवडीच्या ट्रायलच्या लिस्टमधून तुह्यं नाव कापतो. ज्याच्यावर भरोसा नाई, त्याच्या हातात मी हत्यार देत नाई."

ज्युनिअरमधे माह्यं हे शेवटचं वर्ष. पुढच्या वर्षी मी एकवीसची. म्हणजे नाव कापलं तं कापलंच.

"सर, मी नाई केलं."

"मंग कोणी केलं?"

राजेंद्रभाऊ बूट पाहून राह्यले होते. श्रुतिका डोळा चोळून राह्यली होती. "कापराचा धूर गेला वाटते," म्हणे. माह्या बाजूनं एक शब्द नाई कोणाचा! मी बॅग उचलली अन् सायकल अशी हाणली, की आत्याच्या घरच्या गेटवर जाऊनच आदळली.

३

प्रेमलता आत्या म्हणजे माह्या बाबांची मोठी बहीण. सरकारी दवाखान्यात नेत्र सहायक होती. लांजीपासून बैहरपर्यंत मोतीबिंदूचे कॅम्प करत तीस वर्षं हिंडली. आता रिटायर आहे, पण तिच्या स्वयंपाकघराच्या दारामागे अजून तो अक्षरांचा तक्ता टांगलेला आहे. पोळी मागतली तरी आधी शेवटची ओळ वाचून दाखवा म्हणते. अन् चिडकी! बाप्पा, अशी चिडकी बाई तुमी पाह्यली नसन.

मी रडत रडत सारं सांगतलं. ती वांगे कापत होती.

"झालं तुह्यं रडून? नाक पूस. तू नाई केलं."

"तुले कसं माहीत?"

"तू केलं असतं तं आतापर्यंत चार जणांले सांगून बसली असती. तुह्या पोटात गोष्ट राह्यते का?" मंग तिनं सुरी ठेवली. "ते खाच-मक्खीचं काय म्हणत होती, पुन्हा सांग. हळू सांग. तुह्यी गाडी काहून सुटते व नेहमी?"

मी ओट्यावर दोन माचिसच्या डब्या उभ्या केल्या, मधात फट ठेवली, पुढे हातभर लांब एक काडी उभी केली. आत्यानं एक डोळा मिटला अन् वाकून पाह्यलं. लय वेळ पाह्यलं. वरण उतू गेलं, तरी पाहून राह्यली.

"खाच दोन्ही बाजूनं घासली का?"

"नाई. एकाच. डावीकडून. उजवी बाजू जशीच्या तशी आहे. सरनं भिंग लावून पाह्यलं."

"घासलेलं खडबडीत होतं?"

"नाई ना. सरळ, साफ. राजेंद्रभाऊ म्हणाले, हात लावणाऱ्याले काम येते."

"हं." आत्या उभी झाली. "ज्याले बिघडवायचं असते तो दगडानं ठोकून मोकळा होते. ह्यानं बसून, सांभाळून, केसभर केसभर घासलं. म्हणजे ह्याले बिघडवायचं नव्हतं. ह्याले सुधरवायचं होतं."

"पण सुधरलं कुठी? साऱ्यांच्या गोळ्या डावीकडे जाऊन राह्यल्या!"

"तेच तं म्हणून राह्यली मी. सुधरवलं, पण कोणत्या डोळ्यासाठी?"

अन् पुढे काही सांगतलंच नाई! मी विचारलं तं म्हणे, "वरण कोण पुसणार? तुह्या बाप?" असा राग येते ना तिचा.

४

शुक्रवारी दुपारी मी तिले स्कूटीवर बसवून वारासिवनी रोडवर रेंजले नेलं. मांगं बसून गाडी तीच चालवत होती. "हळू. गाय आहे. मले दिसून राह्यली, तुले दिसली का?"

सर यायचे होते. बाबूलाल काका एकटेच होते. आत्यानं मागच्या खोलीत फरशी पाह्यली, टेबल पाह्यला, टेबलाच्या फटीत केसातली पिन फिरवली. मंग पिनेचं टोक पाहून काकांकडे वळली.

"काका, गुरुवारी सकाळी झाडलं तवा इथं लोखंडाचा चुरा होता का? काळा भुसा? टेबलावर, खाली?"

"नाई बाईजी. एकदम साफ होतं."

"एवढं घासलं अन् चुरा नाई?"

काकांनी एकदा दाराकडे पाह्यलं. मंग हळूच म्हणतात, "बाईजी, एक गोष्ट आहे. पण तुमी कोणाले सांगू नका. इथं कोणी तरी करणी केली."

माह्या अंगावर काटा. आत्यानं कपाळाले हात लावला.

"कचऱ्याच्या डब्यात पुडी भेटली मले," काका म्हणाले. "आत काळी राख. मसाणातली असन. मी हात नाई लावला, चिमट्यानं उचलली, बाहेर विटेखाली दाबली अन् वर लिंबू ठेवलं."

"दाखवा."

"बाईजी, लिंबू हालवलं तं..."

"काका, मी तीस वर्षं लोकांच्या डोळ्यात औषध टाकलं. मले कोणतं भूत लागन? दाखवा!"

विटेखाली खरंच पुडी होती. टार्गेटच्या कागदाची, बोटाच्या पेराएवढी. आत्यानं पुडी उघडली अन् आपल्या पर्सचं बटन, ते चुंबकवालं, जवळ नेलं. काळी राख टुणकन उडून बटनाले चिकटली.

"मसाण म्हणे," आत्या म्हणाली. "कानशीचा भुसा आहे हा." मंग तिनं ती पुडी आधीच्याच घडीवर मिटली, उलटी धरली, झटकली. उरलेला भुसा काही सांडला नाई. तिनं घडी उलगडली, पुन्हा घातली, पुन्हा उलगडली. "पाय प्राची. दोन्ही पदर एकमेकांत खोचले आहेत. किती हालवा, कण पडत नाई."

"मंग?"

"मंग काय? लोखंडाच्या भुशाची पुडी बांधते का कोणी? तू बांधशीन? तुले चहाचा चोथा डब्यात टाकता येत नाई, सिंकमधे राह्यते."

तेवढ्यात बाहेर मोटरसायकल थांबली. राजेंद्रभाऊ. त्यांले पाहून माह्या डोक्यात एकदम बल्ब पेटला. कानशी कोणाच्या? त्यांच्या. काम कोणाले येते? त्यांले!

"राजेंद्रभाऊ," आत्या गोड बोलली, ती गोड बोलली की भेव वाटते, "माह्या घरच्या कडीचा खिळा अडकते. तुमची कानस आहे तं जरा टोक घासून देता का?"

भाऊनं खिळा घेतला. कानशीचा डबा टेबलाच्या खालच्या खणात, उघडाच. खर्र खर्र घासला, अन् दर चार हातांनी "फू!" सारा भुसा टेबलावर, फरशीवर, आत्याच्या साडीवर.

"बुधवारी हा डबा इथंच होता?"

"इथंच राह्यते, ताई. अन् मी खोलीतून निघालो तवा खाच चांगली होती, मी आईची शपथ घेतो. मले काल बोलायचं होतं, पण मी म्हटलं, फिटर माणूस, बोललो तं माह्यावरच येईन." ते लालेलाल झाले. "प्राची, माफ कर. माह्यी हिंमत नाई झाली."

आत्या साडीवरचा भुसा झटकत म्हणाली, "हा नोहे. हा तं आपल्या जन्माचा भुसा दुसऱ्याच्या साडीवर उडवणारा माणूस आहे."

मंग राह्यले कोण? मी नाई, भाऊ नाई, अन् श्रुतिकाच्या तं गोळ्याच मधात. पाळी बदलताना पिस्तूल कोणाच्या हातात? अलमारीची चावी कोणाजवळ? आत्या दाराकडे पाहून राह्यली होती, अन् दारात, नवा चष्मा लावून, मोतीलाल सर उभे होते.

५

सर चिडलेच होते. "ताई, तुमी मोठ्या आहात म्हून बोलत नाई, पण ही माह्यी रेंज आहे."

"मले कुठी विकत पाह्यजे? चष्मा कधीचा?"

"दिवाळीचा. काहून?"

"मक्खी साफ दिसते का आता?"

सरनं माह्याकडे पाह्यलं, भाऊकडे पाह्यलं. मंग आवाज खाली गेला. "आधीसारखी नाई. कडा धुरकट दिसतात. पण ताई, मी स्वतःच्या सोयीसाठी पोरांची खाच घासीन का? तीस वर्षं ह्यांले म्हणतो, हात लावू नका!"

अन् खरं सांगू, मले त्या टायमाले वाटलं, सापडले! म्हातारा डोळा, धुरकट मक्खी, चावी हातात. मी तं ओरडणारच होती. पण आत्यानं माह्या हाताले असा चिमटा काढला की अजून निळं आहे, पाहा.

"म्हातारा डोळा दोन्ही बाजूनं धुरकट पाह्यते," ती म्हणाली. "सरले उजेड पाह्यजे असता तं दोन्हीकडून घासला असता. एकाच अंगानं काहून घासतीन? बसा सर. हे पाहा."

तिनं पर्समधून एक पांढरं कार्ड काढलं. त्यावर मधात एक काळी, गडद, उभी रेघ. "डावा डोळा हातानं झाका. हातभर लांब धरते. काय दिसते?"

"एक जाड रेघ," सर म्हणाले, "अन्... तिच्या डाव्या बाजूले चिकटून एक फिक्की. पेन्सिलची आहे का? धुरकट आहे, पण आहे."

"राजेंद्रभाऊ?"

"दोन. एक गडद, एक फिक्की."

"प्राची?"

"दोनच. काय आहे हे आत्या?"

"गप राह्य. गुरुवारचे टार्गेट कुठी आहेत सर?"

सरनं चार कागद आणले. आत्यानं ते टेबलावर लाईनीत मांडले. सरचा डावीकडे. भाऊचा डावीकडे. माह्या डावीकडे. अन् श्रुतिकाचा मधात.

"ही पोट्टी हिरा आहे," सर म्हणाले. "वाकड्या साइटनं पण मधात मारले तिनं."

"सर," आत्या म्हणाली, अन् तिचा आवाज पहिल्यांदा चिडका नव्हता, "वाकड्या तराजूत ज्याचं वजन बरोबर येते, त्याच्याकडे आधी पाह्यचं असते."

बाहेर श्रुतिकाची स्कूटी लागली.

६

ती आली, आत्याच्या पाया पडली, बसली. तोंडावर काही नाई.

"तुह्या बाबांच्या दुकानात खाली काय अंथरतात व?" आत्यानं विचारलं. "घासताना?"

"मांडीवर चामडं घेतात, आत्या. कण खाली नाई पडला पाह्यजे. मंग पुडी बांधून ठेवतात."

"तू पण करतेस?"

"लहानपणापासून."

आत्यानं पुडी दाखवली नाई. कार्डच दाखवलं. "डावा डोळा झाक बेटा. किती रेघा दिसतात?"

"एक," श्रुतिका लगेच म्हणाली.

आम्ही साऱ्यांनी एकमेकांकडे पाह्यलं.  अन् ती खोटं बोलत नव्हती हो! तिनं नीट पाह्यलं अन् म्हणाली, एक.

"नीट पाय. फिक्की नाई दिसत?"

"ती तं..." अन् तिथंच ती थांबली. सरच्या तोंडाकडे पाह्यलं, माह्या तोंडाकडे पाह्यलं. "ती खरी आहे का?"

बस. तिथंच ती रडाले लागली.

आत्यानं मंग सांगतलं, अन् मी तुमाले तसंच सांगते. श्रुतिकाच्या उजव्या डोळ्याले काही महिन्यांपासून प्रत्येक रेघेच्या डाव्या बाजूले एक सावली दिसून राह्यली होती. रेघ एक, दिसते दोन. म्हून तिनं मनाले सवय लावली, डावीकडची फिक्की खोटी, ती मोजायची नाई. म्हून कार्डावरची खरी पेन्सिलची रेघ पण तिनं खोटी धरली! पण नेम धरताना मनाची सवय चालत नाई. मक्खीच्या त्या सावलीनं डावीकडचा उजेड बंद होऊन जाय, अन् तिच्या गोळ्या भटकत. मंग बुधवारी तिनं कानस घेतली, रुमाल मांडीवर अंथरला, अन् डावीकडून खाच इतकी घासली की सावलीले पण जागा झाली. तिले दोन्हीकडे सारखा उजेड दिसाले लागला. तिच्यासाठी मक्खी आपल्या जाग्यावर आली, म्हून तिच्या गोळ्या मधात. आमच्या डोळ्यात सावली नाई. आम्ही मक्खी नव्या खाचेच्या मधात आणाले गेलो, तं नळी डावीकडे वळली.

"अन् भुसा काहून बांधला व?" मी विचारलं. मले तेच समजत नव्हतं.

"मी नाई बांधला," ती रडत रडत म्हणे. "म्हणजे बांधला. हातच बांधते ना माह्या. मले मालूमही नाई पडलं."

"अन् गुरुवारी? सर मले बोलत होते तवा तुह्यं तोंड कुठी गेलतं?"

"मले वाटलं, मी सुधरवली. मले तं मधात दिसे! तुमच्या डावीकडे काहून जाऊन राह्यल्या, मले समजलंच नाई. मंग सर चिडले, अन्..." तिनं पुन्हा डोळा चोळला. "डोळ्याचं सांगतलं असतं तं डॉक्टर. डॉक्टर म्हणजे बाबा. बाबा म्हणजे खेळ बंद. त्यांनी ह्या वर्षापुरतंच खेळ म्हटलं आहे. मले वाटलं, प्राचीची एक ट्रायल जाईन, माह्यं तं सारंच जाईन."

एक ट्रायल! ऐकून राह्यले ना? माह्यी एक ट्रायल! मी उठलीच होती तिच्या झिंज्या धराले.

पण आत्या माह्याआधी उठली. तिनं श्रुतिकाचा हात धरून डोळ्यावरून खाली ओढला. "चोळू नको! धूर नाई तो. मी डॉक्टर नोहे, मशीन नाई माह्याजवळ, पण कॅम्पमधे मी अशी पोरं पाह्यली आहेत. डोळ्याची समोरची काच पातळ होते अन् सुळक्यासारखी पुढे येते. तुह्या वयातच होते. लवकर सापडलं तं तिथंच थांबवता येते. अन् लपवलं तं खाच घासून घासून कुठपर्यंत घासशीन? पिस्तूल संपून जाईन!"

सर बाहेर जाऊन उभे राह्यले.

"उद्या अकरा वाजता," आत्या श्रुतिकाले म्हणाली, "तू तुह्या बाबांले घेऊन येशीन. इथं आम्हाले समजलं, तेवढ्यानं होत नाई. लिस्टमधून जिचं नाव कापलं जाऊन राह्यलं तिच्यासाठी साऱ्यांसमोर बोलायचं, अन् बापाले डोळा सांगायचा. तुह्या तोंडानं. मी सांगणार नाई. प्राची पण सांगणार नाई."

"मी काहून नाई सांगणार?" मी म्हणली.

"कारण मी म्हणून राह्यली!"

७

शनिवारी अकरा. सव्वा अकरा. साडेअकरा. श्रुतिका नाई.

क्लबचे बाकीचे, रायफलवाले, दहा-बारा जण स्टेशनले जायले बॅगा घेऊन आले होते. साऱ्यांले फक्त एवढंच माहीत, प्राचीनं साइट घासली. कोणी माह्याशी बोलेना. सर लिस्ट घेऊन उभे, पेन हातात. त्यांले खरं माहीत होतं, तरी ते माह्याकडे पाहून राह्यले होते, जसं म्हणत होते, बोल ना, तू बोलली तं मी साऱ्यांसमोर हो म्हणतो. अन् मी तोंड उघडलं. खरंच उघडलं. अन् आत्याचा तो चिमटा आठवला म्हून नाई, पण श्रुतिकाचं ते "ती खरी आहे का?" कानात आलं, अन् मी तोंड बंद केलं. आपलाच एवढा राग मले आयुष्यात कधी आला नव्हता.

पावणेबारा वाजता वारासिवनीकडून स्कूटी आली. मांगं श्रुतिका, समोर तिचे बाबा, अंगात दुकानातलाच सदरा. तिनं हेल्मेट काढलं, साऱ्यांच्या मधात येऊन उभी राह्यली, अन् एका दमात म्हणाली, "खाच मी घासली. प्राचीनं नाई. माह्या डोळ्याले दोन दिसतात. मी गुरुवारी गप राह्यली, ती चूक खाचेपेक्षा मोठी होती."

तिचे बाबा पुढे आले. त्यांनी पिस्तूल मागतलं. सरनं रिकामं करून देलं. ते खाच उजेडाकडे धरून पाहत राह्यले, सोनाराच्या डोळ्यानं, एक मिनिट तरी. मंग म्हणाले, "हात साफ आहे पोट्टीचा." अन् मंग, "सर, मी हिले नागपूरले नेऊन राह्यलो. डोळा बरा झाला तं परत आणतो. तुमी हिले घ्यान का?"

सर म्हणाले, "तीन महिने हत्यार नाई देणार. टार्गेटचे कागद मोजाले येईन. मंग पाहू."

राजेंद्रभाऊनं तिथंच बसून उजवी बाजू घासली, डावीएवढी. सरनं पाच गोळ्या मारून पाह्यल्या. मधात. माह्या पण मधात. अन् सरनं माह्यी माफी मागतली का? नाई! माह्यी बॅग उचलली अन् स्टेशनपर्यंत आपल्या खांद्यावर नेली. ह्या लोकांचं असंच असते, तोंडातून शब्द निघत नाई, वजन उचलतात.

जबलपूरच्या ट्रायलमधे ज्युनिअरचे आठ जण घेतले. मी सातवी. टाळ्या नंतर, आधी संपू द्या.

नागपूरच्या डॉक्टरनं तपासलं. आत्या म्हणत होती तेच निघालं. वेळेवर आली म्हणाले, मंगळवारी उजव्या डोळ्याचं ऑपरेशन करू, मंग डावा पण पाहू. तं आता तुमी विचारणार, मी तिले माफ केलं का. नाई केलं. एक ट्रायल म्हणे! अजून ऐकलं की डोकं फिरते. पण मंगळवारी तिच्या बाबांचं लग्नसराईचं काम, तिच्या आईले गाडी लागते, अन् आत्या म्हणते दवाखान्यात कोणी तरी डोकं ठिकाणावर असलेलं पाह्यजे. तं गोंदियावरून तिच्यासोबत कोण जाऊन राह्यलं?

मीच. तिकीट काढली. अन् खिडकीजवळ मी बसणार आहे, हे तिले मी आधीच सांगून ठेवलं.